पानामागची अंडी

"तुमच्या घरात अंडी आहेत," खटावकर दारात उभं राहून म्हणाले. आवाज इतका खाली आणला होता, की मला आधी वाटलं घरात साप निघाल्याचं सांगतायत.

सकाळची वेळ. माझ्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात दुकानाच्या किल्ल्या. खटावकर आमच्या 'तुलसीदल' सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त हेडमास्तर असल्यामुळे साऱ्या इमारतीला ते सातवीचा वर्ग समजतात. आमच्या सोसायटीत मांस, मासे आणि अंडी आणायला मनाई आहे. साताऱ्यात अशा सोसायट्या पुष्कळ आहेत, पण आमच्याकडे हा नियम संगमरवरात कोरून जिन्याखाली बसवलेला आहे.

"कसली अंडी, काका?"

"ते तुम्हीच सांगायचं. खाली फलकावर आलंय."

खाली जिन्याजवळ एक मोठा पडदा आहे. टाकीत पाणी किती, कचऱ्याची गाडी कधी येणार, कुणाच्या गॅलरीतून पाणी गळतंय, हे सगळं त्यावर आपोआप उमटतं. त्या सकाळी त्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहून आलं होतं : घर क्रमांक तीन, अंडी आढळली, मोजणी सुरू आहे.

मी काही बोलणार एवढ्यात गच्चीवरून आई खाली आली. तिच्या हातात ते नवीन यंत्र, चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. "अहो खटावकर, तुम्हालाही कळलं का? वांग्याला आहेत, पिवळीधमक! या, दाखवते."

"वांग्यात?" खटावकरांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे भाजी करून झाली?"

त्यांना समजावता समजावता माझी दोन गिऱ्हाइकं दुकानाच्या बंद शटरवरून परत गेली. या सगळ्या प्रकरणात मला पहिल्यांदा डोकं धरून बसावंसं वाटलं ते त्या सकाळी, आणि पुढे त्याची सवयच झाली.

माझं नाव वैजयंती शेटे. पोवई नाक्याजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. लग्न केलं नाही. बघायला आलेल्यांपैकी एकाशीही मला दोन वाक्यं धड बोलावीशी वाटली नाहीत, हे त्याचं खरं कारण. पण आईच्या मते कारण आहे माझा उजवा पाय. लहानपणी मला मुडदूस झाला होता, म्हणजे हाडं मऊ राहून पाय धनुष्यासारखे वाकले होते. डावा पुढे सरळ झाला, उजवा जरासा वाकडा राहिला. मला त्याचा काही त्रास नाही. आई मात्र मी जिना उतरायला लागले की अजूनही दारात उभी राहून माझ्या पायाकडे बघते आणि मला त्याचा राग येतो.

ते यंत्र मीच आणलं होतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक दिसेना, आणि गच्चीवरची तिची बाग म्हणजे तिचा जीव. खतांच्या रिकाम्या पोत्यांत मेथी आणि राजगिरा, जुन्या पिंपात कढीपत्ता, रंगाच्या डब्यांत वांगी, कठड्यावर घेवडा. पानाच्या मागे काही पिवळं दिसलं की ती काडेपेटीतली काडी घेऊन खरवडून टाकायची. म्हटलं, हिला नीट बघून तरी खरवडू दे.

यंत्राचं नाव पानभिंग. काडेपेटीएवढी डबी, तिला लांब दांडी आणि टोकाला भिंग. पानाच्या मागे धरलं, की लग्नात सूत्रसंचालन करणाऱ्या बाईच्या गोड आवाजात सांगतं, की हे अमक्या कीटकाचं अंडं आहे, ठेवा किंवा काढा.

भिंगांच्या धंद्यातली असल्यामुळे ते कसं चालतं हे मी मुळातून समजून घेतलं, आणि खरं सांगते, मी हरखून गेले. कीटकाचं अंडं आईच्या पोटात तयार होत असताना त्याच्याभोवती पेशींचं एक अस्तर असतं. त्या पेशीच अंड्याचं कवच घडवतात. काम झालं की त्या गळून जातात, पण कवचावर त्यांचा ठसा राहतो, शेणाच्या ओल्या सारवणावर चटईचा उठतो तसा. प्रत्येक जातीचा ठसा वेगळा असतो. कुठे षटकोनी जाळी, कुठे उभे कंगोरे, कुठे बारीक पुटकुळ्या. शिवाय अंडं पानाला चिकटवायला आई जो डिंक वापरते, तोही जातीजातीचा निराळा. पानभिंग अंड्यावर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकतं, त्यात आपल्या डोळ्यांना न दिसणारेही रंग असतात. मग कवचावरचा ठसा आणि डिंकाची चमक ताडून बघतं आणि नाव सांगतं. थोडक्यात, प्रत्येक अंड्यावर त्याच्या आईची सही असते आणि पानभिंगाला ती वाचता येते.

पहिले काही दिवस मजेत गेले. घेवड्यावरची पिवळी उभी अंडी ढालकिड्याची निघाली. तोच तो, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, मावा फस्त करणारा. "ठेवा, हा तुमचा मित्र आहे," पानभिंग म्हणालं. वांग्यावरची तशीच पिवळी उभी अंडी त्याच्या चुलतभावाची निघाली, जो पानांची चाळण करतो. "काढा." आई दोन्हींना सारखंच खरवडत आली होती. तिला इतकं नवल वाटलं, की ती येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून गच्चीवर न्यायला लागली. आणि घाईघाईत बटण दाबताना तिनं पानभिंग सोसायटीच्या फलकाला जोडून टाकलं, तिथून खटावकर आले.

मग सोसायटीची सभा झाली. नियमातल्या 'अंडी' या शब्दात कीटकांची अंडी येतात की नाही, यावर शिकलेसवरलेले लोक घसा बसेपर्यंत भांडले. एकजण म्हणाले, नियमात कोंबडी हा शब्दच नाही, तेव्हा अंडं म्हणजे अंडं. एक बाई म्हणाल्या, मग गच्चीवरच्या कुंड्या हलवा. आई म्हणाली, हलवून दाखवा. शेवटी 'कोंबडीची, बदकाची व तत्सम पक्ष्यांची' अशी दुरुस्ती झाली आणि संगमरवर पुन्हा कोरायला कारागीर बोलावला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पण सभेहून घरी जाताना प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आपल्या भाजीत काय असेल? हंगाम संपायच्या आत आमच्या इमारतीत घरटी एक पानभिंग आलं, मग गल्लीत, मग गावात. साताऱ्यात घडलं ते नाशकात घडलं, नागपुरात घडलं. जिथे बघाल तिथे अंडी होतीच. पालकाच्या पानामागे पांढऱ्या माशीची, कोबीच्या घड्यांत पतंगाची. फुलकिडे तर पानाला चीर पाडून आतच अंडं घालतात, ते मिठाच्या पाण्यात धुवा नाहीतर गंगेच्या पाण्यात. बाजारात 'निरंड' नावाचा नवा शब्द आला. बंद खोल्यांत, गाळलेल्या हवेत, दिव्यांखाली वाढवलेली भाजी म्हणजे निरंड भाजी. दिसायला चित्रासारखी, चवीला पुठ्ठ्यासारखी. हॉटेलांवर पाट्या लागल्या, शुद्ध निरंड शाकाहारी. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी मला विचारायला लागल्या, "ताई, निरंड म्हंजी काय वो? सगळी तेच मागत्यात. मी हाय म्हून सांगते." शेतातली मेथी बाजारात पडून सुकायची आणि लोक चार काड्यांचं पाकीट घेऊन पुण्य कमावल्यासारखे घरी जायचे.

मी हसत होते. आमच्या घरात हे शिरलंय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

एका सकाळी आई आमटीला फोडणी देत होती. कढईत तेल तापलं होतं, मोहरी तडतडली होती. तिनं कढीपत्त्याची डहाळी सहज पानभिंगाखाली धरली.

"अभिनंदन!" पानभिंग गोड आवाजात म्हणालं. "लिंबाच्या झाडावरच्या फुलपाखराचं अंडं. अगदी ताजं आहे."

आईनं गॅस बंद केला. "वैजू, हे अंडं आहे."

"असेल," मी चप्पल शोधत म्हणाले.

"ताजं आहे म्हणतंय. मी आत्ता तेलात टाकणार होते."

"मग टाक की. इतकी वर्षं तू अंड्याचीच फोडणी देत आलीस, आजच काय झालं?"

मी हे नेहमीसारखंच चेष्टेनं म्हटलं. आमच्या घरात बोलणं असंच चालतं. पण आईनं डहाळी ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि ती खुर्चीत जाऊन बसली. त्या दिवशी आमटी झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं पालेभाजी सोडली.

मग घेवडा गेला. मग वांगी. नंतर पानभिंगाची नवी आवृत्ती आपोआप आली, धान्याच्या आतलं दाखवणारी. सोंडकिडा तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडतो, आत अंडं घालतो आणि वरून बूच बसवतो, हे ज्ञान कुणाला हवं होतं? आईचा भात गेला. मुगाच्या दाण्यावरचे पांढरे ठिपके तिनं जन्मभर पाहिले होते, ते भुंगेऱ्याची अंडी आहेत असं पानभिंगानं सांगितलं आणि आमटीही गेली. उरलं काय, तर दूध आणि सालीतलं केळं.

मी काय काय केलं नाही! आधी शास्त्र सांगितलं. "आई, माणूस शेती करायला लागल्यापासून हे खातोय. तुझ्या आईनं खाल्लं, तिच्या आईनं खाल्लं." आई म्हणाली, "त्यांना माहीत नव्हतं."

मग मठातल्या स्वामींना फोन लावला. ते बिचारे पडद्यावर येऊन अर्धा तास बोलले. नकळत घडलं त्याचा दोष नाही, हेतू महत्त्वाचा, शरीर राखणं हाही धर्मच. आईनं हात जोडले आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्यांना काय विचारायचं? हे त्यांच्यातलं आणि माझ्यातलं नाहीच."

"मग कुणाच्यातलं आहे?" मी ओरडले.

ती उठून गच्चीवर गेली.

शेवटी मी हार खाल्ली आणि निरंड भाजीची पाकिटं आणली. निरंड मेथी, निरंड तांदूळ, निरंड मूग. वाटलं, पुठ्ठा तर पुठ्ठा, पोटात काही जाऊ दे. आईनं पाकिटं पाहिली, बाजूला सारली आणि दुधाचा पेला उचलला. मी चक्रावले. ज्यात अंडं नाही अशी भाजी समोर आहे, तरीही ही खात नाही. मग हिचं नेमकं दुखतंय कुठे? बाटण्याचा प्रश्न असता, तर तो त्या पाकिटांनी सुटला होता. मला काही सुचेना, आणि सुचत नाही म्हणून मी आणखी चिडले. आम्ही दोघी आठवडाभर एकमेकींशी फक्त दूध आलं का आणि पाणी आलं का एवढंच बोलत होतो.

मग ती गच्चीच्या जिन्यात पडली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाई तरुण आणि स्पष्टवक्त्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रक्त फार कमी झालंय. चक्कर येणारच. या वयात दूध-केळ्यावर भागत नाही. असंच राहिलं, तर पुढच्या वेळी मनगटावर निभावणार नाही. तुमच्या हातात फार दिवस नाहीत, ताई."

घरी येताना रिक्षात आईचा प्लॅस्टरमधला हात माझ्या मांडीवर होता. चिमणीएवढं वजन. मला रडू येत होतं आणि तिचा गळाही दाबावासा वाटत होता.

त्याच सुमारास माझ्या दुकानावर नवीन संकट आलं. पानभिंगवाल्यांनी पानचष्मा काढला. तीच करामत, पण काचेत बसवलेली. डोळ्यांवर लावला, की ताटातल्या प्रत्येक अंड्याभोवती लाल कडं दिसतं. अर्धा सातारा माझ्या दारात. जेवताना एकमेकांच्या ताटात डोकावून बघण्यासाठी लोक नंबर काढून घेत होते! एका नवऱ्यानं बायकोच्या हातची भाजी तिच्यासमोर तपासायची म्हणून चष्मा मागितला. मी त्याला सांगितलं, तुमच्या डोळ्यांना चष्मा नको, औषध हवं. ते गिऱ्हाईक गेलं.

आणि मग एके दिवशी आई म्हणाली, "वैजू, मलाही तो चष्मा कर."

"कशाला? खातेस काय तू, की बघायचंय?"

"कर म्हटलं ना."

मी कबूल झाले, कारण माझ्या मनात कपट आलं होतं. तिच्या फ्रेममध्ये साधी काच बसवायची. ताट समोर ठेवायचं. बघ आई, एकही लाल कडं नाही, जेव आता. चाळीस वर्षं जिनं माझं प्रत्येक खोटं दारातच पकडलं, तिला फसवायचं म्हणजे धाडसच, पण मला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

दुपारी दुकान बंद असताना मी तिला घेऊन गेले. नंबर तपासायची खोली लहान आणि काळोखी आहे. समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता. मी आईला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, डावा डोळा झाकला आणि एकेक काच बदलायला लागले.

"हे बरं की मघाचं बरं?"

"मघाचं."

"आता?"

"हे."

"आणि आता? हे की मघाचं?"

तक्त्याकडे बघतच आई म्हणाली, "वैजू, तुला डॉक्टर निकम आठवतात?"

"नाही. मी तीन वर्षांची होते."

"तुझे पाय वाकले तेव्हा ते म्हणाले होते, उन्हात बसवा आणि पोरीला रोज एक अंडं द्या. तुझ्या वडिलांची हरकत नव्हती. सासूबाईंची तरी असावी ना? त्यासुद्धा म्हणाल्या, इंदू, अंगणात दोन विटांवर शिजव, वेगळं भांडं ठेव, पण दे. मीच नाही म्हणाले. माझ्या हातानं अंडं फोडणार नाही म्हणाले. मेथी देईन, राजगिरा देईन, शेवगा देईन, उन्हात दिवसभर मांडीवर घेऊन बसेन, पण अंडं नाही."

माझ्या हातात काच तशीच राहिली.

"डावा सुधारला. उजवा राहिला," ती म्हणाली. "तू जिना उतरतेस तेव्हा रोज मला वाटतं, दिलं असतं तर? तरी मी मनाला सांगायचे, मीही नाहीच ना खाल्लं. जे माझ्या तोंडाला चालत नाही ते पोरीला कसं देऊ? तेवढाच आधार होता बघ. आणि आता हे यंत्र म्हणतं, मी रोज खात होते. फोडणीत, भातात, आमटीत. म्हणजे तुला एक दिलं नाही आणि मी मात्र आयुष्यभर खात बसले. घास तोंडाशी नेला की हेच आठवतं. मग ती भाजी निरंड असो नाहीतर अंडवाली."

"आणि चष्मा कशाला हवाय?"

"बघायचंय, किती असतात ते. एकदा डोळ्यांनी बघायचंय."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी जो संताप आला तो मी तुम्हाला काय सांगू! महिनाभर मी शास्त्र सांगत होते, स्वामींना राबवत होते, पुठ्ठ्याची मेथी विकत आणत होते, आणि ही बाई मनात हा हिशेब घालून हाड मोडून घेत होती.

"आई," मी म्हणाले, "तू त्या काळात मला भरवायचीस ती मेथी कुठली होती?"

"आपल्याच परसातली."

"तेव्हा पानभिंग होतं?"

"कुठलं?"

"मग त्या मेथीवर अंडी होती की नव्हती?"

तिनं तक्त्यावरची नजर माझ्याकडे वळवली.

"राजगिऱ्यावर? शेवग्यावर? घरातल्या मऊ भातात? तुझ्या आमटीत कढीपत्ता होता ना? तीच आमटी माझ्या वाटीत होती की नव्हती? तू खाल्लीस ती अंडी, आणि मी काय खाल्लं? दगड? डॉक्टर म्हणाले रोज एक द्या. तू रोज मूठभर दिलीस! पतंगाची दिलीस, फुलपाखराची दिलीस, माशीची दिलीस. कच्ची, शिजवलेली, तेलात तळलेली. साताऱ्यात एवढी अंडी खाल्लेली दुसरी पोरगी सापडायची नाही. आणि तू म्हणतेस, दिलं नाही!"

मग आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ती रडतेय. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती, आणि रडतही होती. जड फ्रेम नाकावरून घसरून तिच्या मांडीत पडली.

"फुलपाखराची," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. "अगं, फुलपाखराची!"

इथे एक कबूल करते, नाहीतर कुणी शास्त्र शिकलेला वाचक मला पकडायचा. पानावरच्या त्या धुळीएवढ्या अंड्यांतून माझ्या हाडांना कितीसं काही मिळालं असेल? जवळपास काहीच नाही. डावा पाय सरळ झाला तो उन्हामुळे, तिनं दिवसभर मला मांडीवर घेऊन अंगणात बसवल्यामुळे. हे मला माहीत आहे. पण ते मी त्या खोलीत बोलले नाही, पुढेही बोलणार नाही. साध्या काचेचा चष्मा काही मी तिला केला नाही. पानचष्माही केला नाही. तिनंही पुन्हा मागितला नाही.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. एका हातानंच तिनं मेथी खुडली, पिंपातल्या कढीपत्त्याची डहाळी तोडली. पानभिंग कठड्यावर पडलं होतं, त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. मी चिरून दिलं, तिनं फोडणी दिली. कितीतरी दिवसांनी घरात मोहरी तडतडली आणि तो वास जिन्यात गेला.

दार वाजलं. खटावकर. बायकोनं घरात निरंडाचं व्रतच घेतल्यामुळे अलीकडे त्यांचे गाल बसले होते. आत डोकावत त्यांनी विचारलं, "मेथी का? सोसायटीच्या दृष्टीनं विचारतो हं. निरंडच असेल ना?"

"नाही हो," आई आतून म्हणाली. "अंडी घालूनच केलीय. देऊ वाटीभर?"

खटावकरांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "झाकून द्या."

ते गेल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, मेथी घेतली आणि घास तोंडात घातला. मी बघत होते. तिनं चावला, गिळला, दुसरा घेतला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी माझ्या ताटाकडे वळले.

आमटीतला कढीपत्ता मी लहानपणापासून वेचून ताटाच्या कडेला ठेवते. सवयीनं तसाच ठेवला. आईनं ते पाहिलं. डाव्या हातानं तिनं माझं ताट स्वतःकडे ओढलं, कडेची सगळी पानं बोटानं पुन्हा माझ्या आमटीत लोटली आणि म्हणाली,

"खा मुकाट्यानं. अजून एक पाय राहिलाय तुझा."